तीन सॉफ्टवेअर आणि एक तीळ

नवा कॅमेरा घेतलेली पोरं अजून माझ्याकडे येतात. गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर काळजी. "चाचा, फोटो एडिट करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" मी त्यांना बसवतो, चहा मागवतो आणि बराच वेळ भलतंच काहीतरी बोलत राहतो. त्यांना वाटतं, म्हातारा हातची विद्या सोडत नाही. खरी गोष्ट अशी की मला उत्तर माहीत नाही. सगळी उमर लातुरात स्टुडिओ चालवण्यात गेली, आता दुकान भाच्याच्या हवाली करून मोकळा झालो, तरी माहीत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आमचं सॉफ्टवेअर म्हणजे एक पेन्सिल. गंजगोलाईच्या बाजाराजवळचा स्टुडिओ माझ्या वडिलांनी, अब्बांनी, सुरू केला होता आणि रिटचिंगमध्ये त्यांचा हात धरणारा आजूबाजूच्या जिल्ह्यांत नव्हता. बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगतो. निगेटिव्ह म्हणजे उलटा फोटो, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. चेहऱ्यावरचा डाग निगेटिव्हवर एखाद्या पारदर्शक ठिपक्यासारखा दिसतो. खालून उजेड येणाऱ्या तिरक्या टेबलावर निगेटिव्ह ठेवायची, सॅंडपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घ्यायची आणि तो ठिपका अगदी बारीक रेघांनी भरायचा. छापल्यावर डाग गायब. उलट एखादी सावली गडद करायची असेल तर निगेटिव्ह पात्याच्या टोकानं हलकेच खरवडायची. देवीचे व्रण, मुरुमं, सुरकुत्या, सगळ्यांचा इलाज त्या टेबलावर होई. गिऱ्हाईक सांगो न सांगो, डाग काढायचाच, ही धंद्याची अदब होती. डागासकट फोटो दिला तर लोक म्हणत, मियाँ, काम अर्धं ठेवलं.

मग डिजिटल आलं. मी बराच काळ त्याच्याकडे पाठ करून बसलो. पण तोवर लातूरचं रूप पालटून गेलं होतं. ज्या इमारतीकडे बघावं तिथं क्लास, ज्या घराकडे बघावं तिथं हॉस्टेल. निलंग्याची, देगलूरची, पार तिकडे किनवटच्या इस्लापूरची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला इथं येऊन राहू लागली. पोरगं म्हटलं की फॉर्म आला आणि फॉर्म म्हटला की फोटो आला. मागं पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. समोरच्या गल्लीतला फोटोवाला चहा संपायच्या आत फोटो हातात ठेवू लागला आणि मी म्हणत होतो, उद्या या. उद्या कोण येणार? शेवटी नांदेडच्या लॅबवाल्या व्यंकटचा फोन आला. आमचे सगळे रोल त्याच्याकडे धुवायला जात. तो म्हणाला, "भाई, फिल्मची मशीन काढून टाकतोय. आता तरी शहाणा हो." मी शहाणा झालो. म्हणजे कॅमेरा घेतला, कॉम्प्युटर घेतला आणि पूर्ण वेडा झालो.

कारण कॅमेऱ्यातला फोटो कॉम्प्युटरात गेल्यावर त्याचं करायचं काय, हे कोणी सांगेना. किंवा असं म्हणू, सगळेच सांगू लागले. कॅमेऱ्याच्या डब्यात एक सीडी निघाली होती, तिच्यात एक सॉफ्टवेअर. व्यंकट म्हणे, ते लहान मुलांचं आहे, पुण्या-मुंबईत सगळे वापरतात ते मोठं टाक. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणे, चाचा, इंटरनेटवर फुकटचं मिळतं, त्यात सगळंच आहे. मला नावं ध्यानात राहीनात. मी त्यांची बारशी केली: सीडीवालं, मोठं आणि फुकटचं. तिन्ही टाकली. तिन्हींत वरच्या पट्टीवर निरनिराळी चित्रं, कुठं कुंचला, कुठं बादली, कुठं शिक्का. एकात जे बटण फोटो कापायचं, तेच दुसऱ्यात फोटो फिरवायचं. मोठ्यात एकावर एक काचा ठेवल्यासारखे थर असत. एका थरावर काम करावं आणि दिसावं काहीच नाही, कारण आपण भलत्याच थरावर. फुकटचं मधेच डोळे मिटून घेई, की कॉम्प्युटर बंद करून परत चालू करण्याशिवाय गत्यंतर नसे. रांगेतली पोरं माझी फजिती बघत आणि आपसात हसत. मला राग यायचा, पण तो कोणावर काढावा हेही समजायचं नाही.

बायको, रुखसाना, आतून हाक मारी, "तुमको होना क्या, वो तो ठहराओ पहले." मला काय पाहिजे होतं? मला माझी पेन्सिल पाहिजे होती, दुसरं काही नाही.

तरी एक गोष्ट मी मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये शिकलो आणि तिचा मला गर्व झाला. फोटोत डोळा मिटला असेल तर त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतला उघडा डोळा उचलून तिथं बसवायचा. कडा पुसल्या की कोणाच्या बापाला कळत नाही. फॉर्मच्या गर्दीत निम्म्या पोरांचे डोळे मिटलेलेच येत, रात्रीच्या अभ्यासानं. मी पटापट डोळे उघडत सुटलो. पेन्सिलीला हे कधीच जमलं नसतं.

त्या दिवसांतला एक नमुना सांगतो. स्टुडिओतल्या खुंटीवर एक डॉक्टरचा पांढरा कोट टांगलेला असे, खिशात स्टेथोस्कोप. अकरावीला ॲडमिशन झाली की कितीतरी आईबाप पोराला तो कोट घालून फोटो काढत. देगलूरचे एक गृहस्थ आले होते, अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलणारे. पोरगं बापाला म्हणालं, "नायना, आधी पास तर होऊ द्या." ते मला म्हणाले, "भाई, तुम्ही काढा. फोटू बघून बघून ह्याला तसं व्हायची सवय पडंल." कोट पोराला गुडघ्यापर्यंत आला. मी मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये तो वर उचलायला गेलो आणि पोराचे हातच नाहीसे करून बसलो. शेवटी नुसता छातीपर्यंतचा दिला. ते खुश झाले. पुढं तो पोरगा बँकेत लागला. देगलूरच्या घरात मात्र तो अजून डॉक्टरच आहे.

त्याच खुंटीवर, कोटाच्या खाली, एक खोटं मंगळसूत्र लटकत असे. ते कोटाच्या आधीचं, भूकंपाच्या वेळचं. आता त्याच्याकडे येतो.

एका दुपारी एक मुलगी आली. पाठीवर दप्तर, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. नाव मनीषा. निलंग्याकडच्या, भूकंपात पडलेल्या एका गावची. "बारावीला हाय, इथंच क्लास करून राहिले," म्हणाली. कागद उलगडला तर फ्रेमच्या खिळ्याला वाळक्या हाराचा दोरा अजून अडकलेला होता. आत ब्लॅक अँड व्हाइट फोटो, ओलीनं एक कोपरा खाल्लेला, चेहरा तपकिरी पडलेला. मोठं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, वीस-पंचविशीची बाई.

"आईचा हाय. भूकंपात गेली, मी लहान होते. परीक्षा झाली की मी कुठं जाईन काय म्हाईत. संगं न्यायचाय. कॉम्प्युटरवर साफ करून मोठा करून द्या चाचा. पण लई गोरी-गुळगुळीत करू नका. जे हाय ते नीट दिसू द्या."

फोटोच्या मागं आमचा शिक्का होता. त्याची गरज नव्हती. गळ्यातलं मंगळसूत्र मी ओळखलं होतं.

"घरी कोण असतं, बेटा?"

"पप्पा, आजी आन् मावशी. मावशीनंच वाढवलं मला. पप्पांसंगं लगीन लावून दिलं तिचं." मग फ्रेमकडे बघत म्हणाली, "लोक म्हणतात, मावशी अगदी आईसारखी दिसती."

मी मान खाली घालून पावती लिहिली. ती गेल्यावर मी फोटो उलटा करून ठेवला.

भूकंप झाला त्या वर्षी, नंतर काही आठवडे गेले आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसं हळूहळू लातूरला येऊ लागली. मेलेल्यांचे फोटो पाहिजे होते. ज्यांच्याकडे मातीतून निघालेला एखादा लग्नाचा फोटो असे, त्यांचं काम सोपं. पण खेड्यातल्या बाईचा फोटो असतो कुठं? कैक बायांचा उभ्या जन्मात एक फोटो निघालेला नव्हता. माणूस काउंटरसमोर उभा राही आणि म्हणे, बायकोचा फोटो पायजे. कुठला देणार? तेव्हा अब्बा एक प्रश्न विचारत, "घरात तिच्यासारखं कोण दिसतं?" मग कोणाची बहीण येई, कोणाची लेक, कोणाची आतेबहीण. तिला गेलेलीसारखी साडी नेसवायची, तसंच कुंकू लावायचं, खुंटीवरचं मंगळसूत्र घालायचं आणि फोटो काढायचा. उरलेलं काम माझ्या पेन्सिलीचं. घरची माणसं शेजारी बसून सांगत, कपाळ थोडं रुंद होतं, गाल बसलेले होते. मी करत जाई. आमच्या घरात अम्मीला भिंतीवर माणसाची तसबीर चालत नसे, आणि अर्ध्या तालुक्याच्या भिंतींवरच्या तसबिरी आम्ही करत होतो.

मनीषाची मावशी अशीच आली होती. कला तिचं नाव, जेमतेम अठराची, कडेवर बहिणीचं रडणारं पोर. तिचा मेहुणा बाहेर ओट्यावर बसून होता, आत यायला तयार नव्हता. मी पोराला फिल्मची रिकामी डबी वाजवायला दिली तेव्हा ते गप्प झालं. कलानं बहिणीसारखी साडी चापून नेसली, मंगळसूत्र स्वतःच घातलं, स्टुलावर बसली आणि अब्बांना म्हणाली, "चाचा, ह्या फोटूला हार घालतील का?"

अब्बा कॅमेऱ्यामागून बाहेर आले. "घालतील बेटी. तेरे को नक्को होना तो अभी बोल."

तिनं थोडा वेळ पोराकडे बघितलं. "घालू द्या. आक्काचं काय तरी पायजे की घरात."

फोटो निघाला. मेहुण्यानं बाहेरूनच सांगितलं, तिला तीळ नव्हता. कलाच्या ओठाच्या वर डाव्या बाजूला ठळक तीळ होता. तो मी पेन्सिलीनं भरला. आक्का वयानं मोठी होती म्हणून डोळ्यांखाली पात्यानं खरवडून सावली धरली. काम फार सुंदर उतरलं होतं. अब्बांनी पाठ थोपटली होती.

आता तोच फोटो मी स्कॅन करून पडद्यावर घेतला. हे नवं सॉफ्टवेअर घ्यावं की ते, हा माझा महिनोन्‌महिने चाललेला घोळ त्या फोटोवर येऊन थांबला. सीडीवाल्यात एकच बटण होतं, जादूच्या कांडीचं चित्र असलेलं. ते दाबलं. तपकिरी रंग गेला, चेहरा लख्ख झाला आणि ओठाच्या वर एक गोल उमटला. गोलाच्या आत माझ्या पेन्सिलीच्या रेघा, एकेक मोजून घ्यावी अशा. मी घाबरून फोटो बंद केला. मग मोठ्यात उघडला. त्यात शिक्क्याच्या चित्रानं तो गोल असा नाहीसा झाला की कधी नव्हताच. पण बाई बाहुलीसारखी दिसू लागली. फुकटच्यात घातला तर ते नेहमीप्रमाणे गोठलं, आणि परत उघडल्यावर फोटो होता तसा तपकिरी. एकजण सगळं बोलून टाकणारा, दुसरा सफाईनं खोटं बोलणारा, तिसरा तोंडच न उघडणारा. यांतला कोणता ठेवायचा?

मुलीचं म्हणणं, जे हाय ते नीट दिसू द्या. ते दिसलं तर तिच्या आईचा एकुलता एक फोटो तिच्या आईचा राहत नव्हता. आणि मोठ्यातून गुळगुळीत करून दिला तर ती तेच उराशी धरून परगावी जाणार, माझ्या हातचं. माझ्या पेन्सिलीची मला लाज वाटत नव्हती. त्या दिवसांत ती माणसं फोटो घेऊन जाताना ज्या तऱ्हेनं छातीशी धरत, ते मी पाहिलं आहे. तरी त्या मुलीसमोर काय ठेवावं हे मला उमगेना.

मी सीडीवाल्यातला आणि मोठ्यातला असे दोन्ही फोटो घेऊन एसटीनं नांदेडला व्यंकटकडे गेलो. त्याला काही न सांगता समोर ठेवले. "हे भारी," तो मोठ्यातल्यावर बोट ठेवून म्हणाला. "स्किन बघ. मी सांगत नव्हतो, मोठंच घे म्हणून?" मग मी त्याला हकीकत सांगितली. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन्ही फोटो परत पाकिटात घातले. "मग मला विचारू नको," म्हणाला आणि कॉफी मागवली. परतीच्या एसटीत अहमदपूरपर्यंत मी मोठ्याच्या बाजूचा होतो. अहमदपूरला गाडी थांबली, मी पाकीट उघडून पाहिलं आणि पुढं लातूरपर्यंत सीडीवाल्याच्या बाजूचा झालो.

घरी रुखसानाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "सारे शहर को पूछ को आए. वो बच्ची को पूछे क्या, उसको क्या होना?"

विचारायची माझी छाती नव्हती. मनीषा आली तेव्हा मी सीडीवाल्यातला फोटो खणात ठेवला आणि मोठ्यातला पुढं केला.

तिनं तो उजेडाकडे धरून पाहिला आणि काउंटरवर ठेवला. "हा न्हाई चाचा. हिच्या ओठावरचा तीळ कुठं गेला?"

"तुझ्या आईला तीळ..." मी म्हणू लागलो.

"आईला नव्हता. हिला हाय." तिनं बोट ठेवलं ते अगदी माझ्या पेन्सिलीच्या जागेवर. "फोटोत मावशी हाय, हे मला आजीनं सातवीतच सांगितलं. त्या दिवशी तुम्हाला बोलायचा धीर झाला न्हाई. मावशीला म्हाईत न्हाई, मला म्हाईत हाय ते."

मी खुर्चीत बसलो. ती उभीच होती आणि भडाभडा बोलत होती, बरेच दिवस धरून ठेवल्यासारखी. दरवर्षी भूकंपाच्या दिवशी मावशी काच पुसते, हार घालते आणि तोंड फिरवून बाजूला उभी राहते. सरकारी ओळखपत्राचा सोडला तर तिनं आजवर एक फोटो काढू दिलेला नाही. म्हणती, मला फोटू सोसत न्हाई.

"आम्ही जित्या माणसाला हार घालून राहिलोत चाचा. मी परगावी गेले तर मागं ती आन् तो हार. मला तिचा फोटो पायजे, तिचा म्हणून. तीळ घाला, डोळ्याखालचं काळं काढा. मी तिला आणून दाखवणार हाय." मग एकदम तिचा आवाज खाली आला. "रागावंल का हो ती?"

मी खणातला फोटो काढून तिच्यासमोर ठेवला. पेन्सिलीच्या रेघा पाहून ती हसली, नंतर डोळे पुसले.

मग मी कामाला बसलो, ती माझ्या खांद्यामागं. सीडीवाल्यानं गोल दाखवला, मोठ्याच्या कुंचल्यानं मी त्यात तीळ भरला. आयुष्यभर तीळ काढले, घातला हा एकच. दर वेळी तीळ थोडा इकडेतिकडे पडत होता. ती म्हणे, अजून वर, अजून थोडा बारीक. पात्यानं धरलेल्या सावल्या एकेक उचलल्या तशी ती बाई पडद्यावर लहान होत गेली आणि शेवटी स्टुलावर बसलेली ती अठरा वर्षांची पोर समोर आली. "मंगळसूत्र काढू?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. आता खरं हाय तिच्याकडं."

परीक्षेनंतर फॉर्मच्या फोटोचं निमित्त करून ती मावशीला घेऊन आली. कलाबाईंनी मला ओळखलं. कपाळावर पदर ओढून दाराजवळच उभ्या राहिल्या. अब्बा आता हयात नाहीत हे ऐकून हळहळल्या. मनीषानं काही न बोलता फोटो काउंटरवर ठेवला.

कलाबाई वाकल्या. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या ओठाकडे गेला. मला वाटलं, आता रडतील, आता पोरीला बोलतील, आता मला. मनीषानं काउंटरची कड घट्ट धरली होती.

"लई बारीक होते की मी," कलाबाई म्हणाल्या.

मग स्टुलावर बसल्या. "कुणी सांगितलं तुला?"

"आजीनं."

"म्हातारीच्या पोटात काही ऱ्हात न्हाई." पण राग नव्हता. फोटो मांडीवर घेऊन त्या पदरानं पुसत राहिल्या, कोरा करकरीत फोटो.

मनीषा त्यांच्यासमोर खाली बसली. "मग आई कशी होती?"

"तू कधी विचारलंस का?"

"विचारणार कसं? भिंतीवर होती ना."

कलाबाईंनी फोटो मांडीवर पालथा ठेवला. मग सांगू लागल्या. आक्का माझ्यासारखी न्हवतीच. उंच होती, काळी होती, नाक पसरट होतं. लई जोरात हसायची, सासरी बोलणी खायची त्याच्यापायी. बोलताना त्यांचा आवाज मोकळा होत गेला. मी चहा मागवला, तो कोणी प्यायला नाही. मनीषानं मला विचारलं, "चाचा, एवढं सांगितल्यावर कॉम्प्युटरवर करता येतो का फोटो?" मी माझ्या तिन्ही सॉफ्टवेअरकडे पाहिलं. नाही म्हणालो. इतकं ठाम उत्तर मी त्या वर्षात दुसरं दिलं नव्हतं, आणि देताना फार वाईट वाटलं.

मग निदान फॉर्मचा तरी काढू, म्हणून मनीषाला पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं. कान दिसू देत, हसू नको. कलाबाई कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या होत्या. "त्या फॉर्मवाल्याला पायजे तसा झाला काढून," त्या म्हणाल्या, "आता एक हसताना काढा." पोरीला म्हणाल्या, "हास गं. मोठ्यानं हास." ती आधी लाजली, आणि मग मावशीच्याच तोंडाकडे बघून खळखळून हसली. मी बटण दाबलं.

फोटो पडद्यावर आला. डावा डोळा अर्धा मिटलेला. माझा हात सवयीनं माउसवर गेला. फॉर्मच्या फोटोत दोन्ही डोळे उघडे होते, त्यातला एक उचलायचा आणि इथं बसवायचा. "दोन मिनिटं थांबा," मी म्हणालो, "डोळा उघडून देतो."

कलाबाईंनी पुढं होऊन पडद्यावर, त्या मिटलेल्या डोळ्याजवळ, बोट टेकवलं.

"ऱ्हाऊ द्या भाई. आक्काचा बी असाच मिटायचा."

मी माउसवरचा हात काढला आणि फोटो आहे तसाच छापला.